हरभऱ्यात

कद्री आली एप्रिलच्या शेवटी, आर्वीच्या स्टँडवर,
पाठीवर जवळजवळ तिच्याच उंचीची पिशवी.
घ्यायला मी कुत्र्यांची गाडी नेली होती,
दुसरी गाडी नाहीच.
मागे पिंजऱ्यात तारेला चिकटलेलं वानर.
तिनं आधी वानराला नमस्कार केला, मग मला.

बंद पडलेल्या जिनिंगचं पत्र्याचं शेड,
वाशांत अजून सरकीची धूळ.
तिथं आमचा दवाखाना: सतरा कुत्री,
शिंग मोडलेला एक बैल, उडायचं विसरलेली घार,
आणि मडावी डॉक्टर, जे आठवड्यातून दोनदा येतात
आणि उद्या येतो म्हणून रोज सांगतात.

पारा शेहेचाळीसवर.
मी म्हटलं, चार दिवस टिकेल.
बायको म्हणाली, दोन.
पैज दोघंही हरलो.

ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून ती शेण काढायची,
जखमेतल्या अळ्या चिमट्यानं एकेक उचलायची, मोजून.
आणि विचारायची, याचं नाव काय?
आमच्याकडे नावं नव्हती.
आमच्याकडे होतं ट्रॅक्टरवालं, तारेवरलं,
पुलगाव रोडचं काळं.

मे महिन्यात खरांगण्याहून फोन.
कोरड्या विहिरीत रोह्याचं पिल्लू.
काठावर उभा शेतमालक म्हणाला,
"काढता तं काढा बावा, पण दूर न्या.
याच्या मायनं अवंदा माही अर्धी तूर खाल्ली."
मी दोरानं उतरलो.
डावा कान कुत्र्यांनी फाडलेला.
वर येताना दोन काळजं एकावर एक वाजत होती,
माझं कोणतं ते कळेना.

शेळीचं दूध, दर तीन तासांनी.
रात्रपाळी तिची.
पहाटे जाऊन बघावं तर तुऱ्हाट्यांच्या आडोशाला
दोघी झोपलेल्या, मधे बाटली.

एकदा मोबाईलमधून तिनं विचारलं,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
रोह्याचं असलं तरी वासरूच, मी म्हणालो, वासरू.
ती ताडकन उठून बसली.
तिच्या एस्टोनियात,
जिथं एप्रिलातही बर्फ सावलीला उरतो
आणि जूनमध्ये रात्र यायची टाळाटाळ करते,
वासराला म्हणतात वासिकस.
बराच वेळ आम्ही तेच म्हणत बसलो,
वासरू, वासिकस, वासरू,
एका दावणीचे दोन शब्द.
पिल्लू कान हलवत होतं, एक धड, एक फाटका.
आमच्या शेडमधलं ते पहिलं नाव.

माझ्याही शेताला झटका मशीन आहे.
हे मी तिला सांगितलं नव्हतं.
एकदा सायकलवर घरी आली,
अंबाडीची भाजी-भाकर खाल्ली,
धुऱ्यावरच्या तारेकडे बोट करून म्हणाली, हे काय?
म्हटलं, कपडे वाळवायला.
बायको हसली नाही.

जुलैत व्हिसा संपला.
रबरी बूट ठेवून गेली,
मला दोन बोटं मोठे होतात.

पुढच्या उन्हाळ्यात वासिकसला ढग्याच्या जंगलाकडे सोडलं.
तिनं मागं वळून पाहिलं नाही.
डॉक्टर म्हणाले, हेच बरं.
बरंच असेल.

या पौषात हरभरा घाट्यावर आलेला.
मशीनचं बटण दाबायचं मी संध्याकाळी विसरलो होतो,
निदान बायकोला तरी तसंच सांगितलं.
पहाटे दवात सात रोही,
माना खाली, कराकरा खाताना.
मधल्या एकीचा डावा कान फाटका.
माझ्या गोफणीत दगड भरलेला.
हाक मारली,
वासिकस!
सातही पळाल्या.
एक जरा उशिरा.

परवा कद्रीचा मेसेज आला, कशी आहे ती?
मी लिहिलं,
मजेत. अंगानं भरली आहे.
खाण्यापिण्याची आबाळ नाही.